जुनी जखम, प्रत्येकी दीडपट

वहीत एवढंच लिहिलं होतं : ‘आज फळीवरची बाहुली काढायला मी हात वर केला, तर हिने डोळे घट्ट मिटून घेतले आणि मान खाली घातली. कानामागे वळ आहे, तो आजचा नाही. घरी काही झालं आहे का?’ पाळणाघराची ही वही रोज मुलीच्या पिशवीतून घरी यायची. एरवी तिच्यात किती खाल्लं, कधी झोपली, शी झाली की नाही, एवढंच असायचं. तिथे मुलं सांभाळणाऱ्या मावशींचं अक्षर उजवीकडे कललेलं, वाऱ्याला पाठ देऊन चालणाऱ्या माणसासारखं. नवऱ्याने ते सकाळी चहा घेता घेता वाचलं आणि भरलेला कप तसाच ओट्यावर ठेवला. तो लिफ्ट तपासणारा. कुठल्याही इमारतीत शिरला की माणसांकडे बघण्याआधी वर बघायचा, दोर कुठे झिजलाय का ते. त्याने वही पुन्हा एकदा वाचली, मुलीला उचलून खिडकीशी नेलं, तिचा कान पुढे दुमडून मागे पाहिलं.

“वाचलंस का हे?”

“हं.”

“हं काय? त्या दिवशी घरी पडली, पण पडून कानामागे वळ येतो का? स्वतःच करायचं आणि वहीत आपल्यालाच विचारायचं. म्हणजे उद्या आपण भांडायला गेलो की ही बाई म्हणायला मोकळी, मी तर आधीच लिहिलं होतं. पोचलेली आहे.”

त्याने तिथल्या तिथे पाळणाघराच्या बाईंना फोन लावला. फोनवर तो फार हळू बोलत होता. तो असा हळू बोलायला लागला की समोरच्याची धडगत नसते, हे तिला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. “चार वाजता बोलावलंय,” तो म्हणाला. “मावशीला समोर बसवतो म्हणाल्या. वळ तिच्याकडून झाला असेल तर आजच काढून टाकतील. तू येशील ना?” ती म्हणाली, येते. आणि मुलीचे बूट घालायला खाली बसली. मुलीने न सांगता पाय पुढे केला. सव्वादोन वर्षांची पोर, रांगायला लागल्यापासून दिसेल ते बटण दाबत सुटायची म्हणून घरात तिला बटणच म्हणत. गेल्या मंगळवारपर्यंत बूट घालायचे म्हणजे महाभारत असायचं. मंगळवारनंतर ती आपणहून पाय पुढे करायला लागली होती. “शहाणी झाली हं आपली बटण,” असं ती नवऱ्याला परवाच म्हणाली होती, कौतुकाने. बूट एका दमात पायात गेला, कुठेही न अडता. लिफ्टचं दार उघडावं आणि आत लिफ्टच नसावी, तसं.

ती गेम बनवणाऱ्या कंपनीत होती. तलवारी, श्वापदं, गुहा, मरणं आणि पुन्हा उठणं, असला गेम. तिचं काम चित्रं काढण्याचं नव्हतं की प्रोग्रॅम लिहिण्याचं नव्हतं. कुठल्या स्किलने किती डॅमेज होतो, त्यावर कुठला बोनस चढतो, आणि सगळे बोनस एकत्र आले की काय होतं, हे एका अवाढव्य तक्त्यात तिने सांभाळायचं. सासूबाईंनी एकदा विचारलं होतं, म्हणजे तू नक्की करतेस काय गं, तेव्हा ती म्हणाली होती, कोणाला किती लागावं ते ठरवते. सासूबाई हसल्या होत्या. हे काम तिला आवडायचं, कारण त्यात सगळ्याचा हिशेब लागायचा. बोनस दोन तऱ्हेचे असतात, एवढं कळलं की बाकीचं तपशिलाचं काम. काही बोनस एकाच खणात पडतात. तिथे त्यांची आपसात बेरीज होते. दहा टक्क्यांचे दहा बोनस एका खणात टाकले की मूळचा डॅमेज दुप्पट होतो, संपलं. खण भरत गेला की नवा बोनस जाणवेनासा होतो, शंभरावर दहा आले काय नि नाही काय. पण तेच दहा बोनस दहा वेगवेगळ्या खणांत पडले, तर खण खणाला गुणतो, आणि दुपटीच्या जागी अडीचपटीच्याही वर जातं. नवीन मुलांना हे सांगताना ती नेहमी म्हणायची, “बोनस किती मोठा आहे ते नंतर बघा. कुठल्या खणात आहे ते आधी बघा.”

ऑफिसात पोचली तर खार तिच्या खुर्चीतच बसून होती. खार म्हणजे टेस्टर मुलगी, दिवसभर काहीतरी कुरतडत खेळत बसायची आणि त्याचा पगार घ्यायची, म्हणून खार. “ताई, बस. नाही, उभीच राहा, बसून बघण्यासारखं नाहीये.” तिने पडद्यावर चालू केलं. शेवटच्या गुहेतलं शेवटचं श्वापद. त्याला मारायला चांगला खेळाडूही वीस मिनिटं घेईल असं त्यांनी चार महिने खपून बसवलं होतं. श्वापद पाठमोरं बसलेलं, डबक्यातलं पाणी पीत. खारीचा योद्धा रक्तबंबाळ, जेमतेम उभा. तो पुढे गेला आणि त्याने त्याला नुसतं ढकललं. धक्का नावाचं ते अगदी पहिलं स्किल, खेळ सुरू होताना फुकट मिळणारं, मडकी फोडायला आणि दारं उघडायला वापरायचं. श्वापदाने मान वळवलीसुद्धा नाही. पाण्यात तोंड असतानाच ते कोसळलं.

“एवढ्याशा धक्क्याने,” खार म्हणाली. “मी तर गंमत म्हणून ढकललं गं.”

त्या आवाजाने आजोबा उठून आले. आजोबा म्हणजे त्यांच्या गटाचे प्रमुख, वय वर्षं चौतीस, टक्कल मात्र साठीचं. “लॉग काढ,” ते म्हणाले. लॉगमध्ये प्रत्येक घावाचा हिशेब ओळीने येतो. तिने तो वाचायला घेतला. मोठ्याने वाचायची त्यांची पद्धत होती. धक्का, मूळ डॅमेज चार. ताकदीच्या खणातली सगळी बेरीज धरून तिप्पट, बारा. पाठीमागून वार, दुप्पट, चोवीस. समोरचा बेसावध, तिप्पट, बाहत्तर. मारणाऱ्याचा स्वतःचा जीव दहाव्या हिश्शाच्या खाली उतरलेला, म्हणून चौपट, दोनशे अठ्ठ्याऐंशी. हे स्किल आजोबांचं लाडकं, त्याचं नाव त्यांनी ‘कंठाशी प्राण’ ठेवलं होतं. इथवर सगळं बरोबर होतं. पुढची ओळ : श्वापदाच्या अंगावरच्या जुन्या जखमा, नऊ. आणि त्यापुढे आकडा, अकरा हजार एकाहत्तर. श्वापदाचा जीव अकरा हजार.

“जखमांची बेरीज व्हायला हवी होती,” आजोबा म्हणाले. “प्रत्येक जखमेला निम्मं जास्त. नऊ जखमा, म्हणजे साडेपाचपट. हे दीडपटीची दीडपट, तिची पुन्हा दीडपट, असं नऊ वेळा गेलंय. कोणी टाकलं?”

तक्ता विसरत नाही. कुठला रकाना कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता बदलला ते बाजूला बारीक अक्षरात दिसतं. मंगळवार, सव्वादहा, आणि तिची आद्याक्षरं. “आणि मी तपासलं होतं,” ती म्हणाली, पण ते म्हणतानाच तिला कळलं. तिने तपासलं होतं ते एका जखमेवर. जखम एक असेल तर बेरजेनेही दीडपट आणि गुणाकारानेही दीडपटच. दोन असल्या तरी दोन आणि सव्वादोन, डोळ्यांना काही खुपत नाही. फरक कळायला जखमा साठाव्या लागतात.

चूक ज्याची असेल त्याने उभं राहून “माझी” म्हणायचं, ही त्यांच्याकडची रीत. मग सगळे टाळ्या वाजवायचे, आणि खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक मुकुट होता, एक टोक तुटलेला, तो पुढची चूक दुसऱ्या कोणाकडून होईपर्यंत त्याच्या टेबलावर राहायचा. कोणी लपवू नये म्हणून आजोबांनीच हे सुरू केलं होतं. ती उभी होतीच. “माझी,” ती म्हणाली. टाळ्या पडल्या, मागून कोणी तरी शिटी मारली, खारीने मुकुट आणून तिच्या टेबलावर ठेवला. “जपून हो, तुटकं टोक डोळ्यात जाईल.” सगळे हसले, तीही हसली. बोलणं किती सोपं होतं. जीभ उचलून टाळूला लावायची, सोडायची, झालं. सकाळी ओट्याशी उभी असताना हीच जीभ तोंडात ओल्या फडक्यासारखी पडून राहिली होती.

मंगळवारी आठ चाळीसला ती दाराशी उभी होती, एक हात बाहीत, एक बाहेर. रात्री बटण तीनदा उठली होती. बटण चपलांच्या कपाटासमोर तिच्याकडे पाठ करून बसली होती आणि दोन बुटांना समोरासमोर धरून त्यांचं आपसात बोलणं चालवत होती. एक बूट म्हणत होता, जा. दुसरा म्हणत होता, नाई. तिने तीन वेळा हाक मारली. मग तिने तिला बाजूला सारलं. सारलं हाच शब्द तिच्या मनात होता, सगळे दिवस. तळहाताने, पाठीवर, वाटेतली खुर्ची सरकवावी तसं. चार. फार तर चार. कपाटाची कड कानामागे लागल्याचा आवाजसुद्धा मोठा आला नव्हता. पोर लगेच रडलीही नाही. आधी तिने मागे वळून पाहिलं, नुसतं पाहिलं, कोण आहे ते. नवऱ्याला तिने संध्याकाळी सांगितलं, पडली. पाळणाघरातही हेच, पडली हो, बूट घालताना. आणि सव्वादहाला ती इथे तक्त्यासमोर बसली होती, हाताला अजून बेबी पावडरचा वास होता, आणि तिने रकान्यात अधिकच्या जागी गुणिले टाकलं.

दुपारी जेवायच्या सुट्टीत सगळे खाली गेले तेव्हा ती जिन्याच्या वळणावर उभी राहिली आणि तिने आईला फोन लावला. आई शिवणकाम करायची, अजूनही करते. दोन खोल्यांतली पुढची खोली म्हणजे कापडाचे तुकडे, खडूची भुकटी आणि पायाचं मशीन. लहानपणी ती मागच्या खोलीत अभ्यास करायची आणि मशीन अखंड चालू असायचं, आणि जोवर ते चालू असायचं तोवर सगळं ठीक असायचं. भीती मशीन थांबण्याची होती. थांबलं म्हणजे आई उठली. उठली म्हणजे ती मागे येणार, आणि मागे आली की पसरलेली वही, सांडलेली शाई, न विसळलेलं भांडं, काहीतरी दिसणारच. मग डोक्यावर टक. सुई टोचू नये म्हणून घातलेलं पितळी अंगुस्तान आईच्या बोटातच असायचं, ते काढायला तिला वेळ नसायचा. लागायचं ते फार नाही. थंड असायचं, आणि आवाज डोक्याच्या आतून यायचा. अजूनही कुठे पंखा किंवा पाण्याचा पंप चालता चालता बंद पडला की तिच्या खांद्यांना ते आधी कळतं, मग तिला.

“आई, तू मला मारायचीस का गं?”

“हे काय आता? जेवलीस का?”

“सांग ना.”

“मी? तुला? बोट लावलं नाही कधी. शेजारी बघायचीस ना, पट्ट्याने सोलून काढायचे पोरांना. मी आपली फार तर टिचकी मारायची, अंगुस्तानाने. त्याला काय मारणं म्हणतात?” पलीकडे कात्री कापडातून गेल्याचा आवाज आला. “तूच जरा नाटकी होतीस. मी नुसती उठले तरी डोळे मिटून बसायचीस. लोकांना वाटायचं, ही बाई पोरीला काय करते कोण जाणे. माझी बटण काय म्हणते?”

“बरी आहे.”

“मार नकोस हो तिला. आजकालची पोरं मनाला लावून घेतात.”

तिने फोन ठेवला. वर येऊन बसली. मुकुट टेबलावर होता, तो तिने उलटा करून ठेवला. चूक दुरुस्त करायला दीड मिनिट लागलं, एका चिन्हाचा तर प्रश्न होता. मग तिने धक्का पुन्हा चालवून पाहिला : एक हजार पाचशे चौऱ्याऐंशी. श्वापदाने तोंड वर केलं, गुरगुरलं, जिवंत राहिलं. ती ते पाहत बसली. इतके महिने घरातल्या गोष्टी तिने एकाच खणात टाकल्या होत्या, आणि त्या खणाला मनातल्या मनात नाव दिलं होतं, दमल्यामुळे. एखाद्या दिवशी काही झालं की ते त्यात टाकायचं आणि खण लोटायचा. आत आधीचं होतंच, त्यावर हे एक जास्त, म्हणजे काही विशेष नाही. प्रत्येक वेळी ती मूळ आकडा तेवढा पाहायची. मनगट धरलं तर किती, चार. फार तर पाच. आणि पोर कुठे काय लक्षात ठेवते या वयात. हे तर पुस्तकातच लिहिलेलं असतं.

साडेतीनला ती निघाली तेव्हा आजोबा म्हणाले, “मुकुट घरी नेणार की काय?” तिने हातातला मुकुट परत ठेवला.

पाळणाघराच्या ऑफिसात चार खुर्च्या होत्या आणि एका भिंतीला काच, काचेपलीकडे खेळायची खोली. बटण तिथे जमिनीवर बसून ठोकळ्यावर ठोकळा ठेवत होती. मावशी खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, साठीच्या आसपासच्या, हात मांडीवर. त्यांनी अंगावरचा एप्रन काढून त्याची चौकोनी घडी टेबलावर ठेवली होती आणि घडीवर कपाटाची किल्ली. म्हणजे इथवर आलं होतं. पाळणाघराच्या बाईंसमोर एक लांबट रजिस्टर उघडं होतं. नवरा आधीच येऊन बसला होता, हळू बोलत होता.

“आमची मुलगी घाबरते. एवढंच म्हणणं आहे माझं. हात वर केला की घाबरते. ती दिवसभर असते कुठे? इथे.”

“घाबरते म्हणूनच लिहिलं ना दादा मी,” मावशी म्हणाल्या.

“मावशी, तुम्ही थांबा जरा,” बाई म्हणाल्या. “चौकशी पुरी होईपर्यंत त्या कामावर नसतील, हे मी त्यांना सांगितलंय. आमचा नियमच आहे तसा.”

“अकरा वर्षं झाली मला इथे.” मावशींनी हे कोणालाच उद्देशून म्हटलं नाही. “वहीत लिहिलं नसतं तर आज वेळेवर घरी गेले असते. दुसऱ्या घरी कोणी ठेवणार आहे का आता, असं नाव लागल्यावर?” मग त्या तिच्याकडे वळल्या. “ताई, तुम्ही सांगा. नव्हतं लिहायला पाहिजे का मी?”

काचेपलीकडे ठोकळे पाच झाले होते. तिला वाटलं, अजून काही बोलायला नको. बोललं नाही तरी चालेल, सगळं आपोआप होईल, किल्ली तिथेच आहे, मावशी उठतील, उद्या दुसरी बाई येईल जिचं अक्षर सरळ असेल आणि जी वहीत फक्त खाल्लं, झोपली, शी झाली एवढंच लिहील. हे चांगलं स्पष्ट दिसत होतं. आणि त्याचबरोबर तिला एवढंही दिसलं की मावशींच्या पायांत पाळणाघरात आत वापरायच्या चपला आहेत. बाहेरच्या घालून यायलाही त्यांना वेळ दिलेला नाही. ती उभी राहिली. का उभी राहिली ते कोणालाच कळलं नाही, तिथे तशी रीत नव्हती.

“माझी,” ती म्हणाली.

“काय तुमची?” बाईंनी विचारलं.

“चूक. मी ढकललं. मंगळवारी. चपलांच्या कपाटावर.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नवरा तिच्याकडे न बघता वर बघायला लागला, छताकडे, जिथे काही नव्हतं.

“तू म्हणालीस, पडली.”

“पडलीच. मी ढकलल्यावर.” आणि मग, तोंड उघडंच होतं म्हणून, “हळूच ढकललं.”

मावशींनी किल्ली उचलली नाही. त्यांच्या तोंडावर सुटल्याचा आनंदही दिसला नाही. त्या काचेतून पलीकडे बघत होत्या. “ताई,” त्या म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, भूक किती आहे विचारावं तशा, “एकदा पडून पोर डोळे मिटायला शिकत नाही हो.”

नवऱ्याने मान खाली आणली. “अजून?” तो म्हणाला. त्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सहन होईना.

बाईंनी रजिस्टर जवळ ओढलं, पेनाचं टोपण काढलं. “बसा तुम्ही. आठवेल तसं सांगा. मला लिहावं लागेल.”

ती बसली. खण ओढला तर तो भरलेला होता, आणि आत काहीच एकात एक मिसळलेलं नव्हतं. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी होती, कोरी, नव्यासारखी. “अंघोळीच्या टबात,” ती म्हणाली. “मनगट. साबण काढत होते, ती हात सोडेना.” पेन चालू लागलं. शाईचं पेन होतं, कागदावर खरखरत होतं. तो आवाज चालू होता तोवर तिला बोलता येत होतं. “एकदा तोंडावर हात ठेवला. रडायची थांबेना म्हणून. थोडा वेळच.” खरखर. “तान्ही होती तेव्हा एकदा पलंगावर जोरात ठेवलं. म्हणजे टाकलं.” पेन चाललं होतं. नवरा श्वास घेत होता ते ऐकू येत होतं. “घास. मानेला धरून. मग तो तिने ओकला, तेव्हा पुन्हा.” हे एक की दोन, तिने क्षणभर विचार केला. दोन. “आणि दार. मी दार लावून घेतलं बाहेरून, ती आत होती. ते मी मोजलं नव्हतं कधी, कारण हात लागला नव्हता.”

काचेपलीकडे बटणने सातवा ठोकळा ठेवला आणि हात मागे घेतला, आता पडतो का ते बघायला.

बाईंचं पेन थांबलं. त्या मान वर करून पुढच्याची वाट बघत होत्या. आणि तिचे डोळे घट्ट मिटले, मान खाली गेली, आणि ती तशीच बसून राहिली, डोक्यावर थंड काहीतरी पडण्याची वाट बघत.